समोर कोणी नसताना: विनासंपर्क बॉक्सिंगचा गट-वर्ग कसा घ्यावा

सोसायटीच्या सभागृहात संध्याकाळी दहा-बारा जण हातांना पट्ट्या बांधून हवेत ठोसे मारत असतात, तेव्हा बाहेरून पाहणाऱ्याला तो एरोबिक्सचाच जरा रागीट प्रकार वाटतो. वर्ग घेणाऱ्याचे लक्ष नसेल तर तो खरोखरच तसा होतो. बॉक्सिंगच्या सरावातून दम वाढतो, पाय चपळ होतात, कमरेतून जोर काढता येतो आणि खांद्यांना दीर्घकाळ काम करण्याची सवय लागते. मार न खाता हे सारे मिळवायचे असेल, तर काही गोष्टी पहिल्या दिवसापासून ठरवून घ्याव्या लागतात.

विनासंपर्क याचा अर्थ ठोसा कशालाच लागत नाही असा नाही. तो जोडीदाराने हातात धरलेल्या पॅडला लागतो, टांगत्या बॅगला लागतो, फक्त माणसाला लागत नाही. या नियमाला सवलत नसावी. दोन मित्रांनी हसत-खेळत एकमेकांच्या दंडावर हलके ठोसे मारणे हेही वर्गात चालू देऊ नये, कारण हलक्या ठोशाला उत्तर नेहमी थोडे कमी हलके मिळते.

मुष्टियुद्धाच्या रिंगणात ठोसा मारून हात गालाशी परतला नाही, तर त्याची शिक्षा पुढच्याच क्षणी होते. आपल्या वर्गात ती शिक्षा देणारा कोणी नाही. म्हणून तिसऱ्या-चौथ्या फेरीत हात हळूहळू छातीपर्यंत घसरतात, हनुवटी वर येते, पाय एका रेषेत येतात, आणि तरीही घाम भरपूर येत असल्यामुळे व्यायाम उत्तम झाला असे प्रत्येकाला वाटते. दोन महिन्यांनी कोणाचे कोपर दुखू लागते, कोणाचा खांदा. समोर नसलेल्या प्रतिस्पर्ध्याचे हे चूक दाखवण्याचे काम दुसऱ्या कोणत्या मार्गाने करून घ्यायचे, हा वर्ग घेणाऱ्यापुढचा खरा प्रश्न आहे. त्याने स्वतः प्रशिक्षकाच्या हाताखाली बॉक्सिंग शिकलेले असावे, हे इथे गृहीत धरले आहे. व्हिडिओ पाहून शिकलेल्या हुकची, म्हणजे बाजूने वळवून मारायच्या ठोशाची, परीक्षा इतरांच्या गुडघ्यांवर घेऊ नये.

जागा आणि साहित्य

पवित्र्यात उभा असलेला माणूस हात लांबवून पुढे-मागे सरकणार असे धरले, तर त्याला साधारण २ मीटर लांब आणि २ मीटर रुंद जागा लागते. १२ जणांसाठी ती ४८ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ५१५ चौरस फूट होते. सभागृह लहान असेल तर माणसे कमी घ्यावीत. जागा मोठी असली तरी एका शिक्षकाने १२ पेक्षा अधिक जण घेऊ नयेत असे माझे मत आहे, कारण २ मिनिटांच्या एका फेरीत त्याहून जास्त जणांच्या पायांकडे नीट पाहून होत नाही.

गुळगुळीत फरशी घामाचे चार थेंब पडले की घसरडी होते आणि पावसाळ्यात तर घामाचीही गरज नसते, त्यामुळे फरशी पुसण्याचे कोरडे फडके हाताशी असावे. नुसते मोजे घालून कोणालाही उभे राहू देऊ नये. बूट पातळ, सपाट तळव्याचे असावेत. धावण्याच्या जाड बुटांचा तळवा जमिनीला धरून ठेवतो, हुक मारताना पाऊल फिरत नाही आणि तो पीळ गुडघ्याला बसतो. खालच्या मजल्यावर कोणी राहत असेल तर दोरीच्या उड्यांचा मोह टाळून जागच्या जागी टाचा उचलण्याचे प्रकार घ्यावेत, नाहीतर पहिल्याच महिन्यात तक्रार येते.

टांगती बॅग ठेवण्यासाठी छताला भक्कम आधार लागतो आणि सार्वजनिक सभागृहात तो बहुधा मिळत नाही. गट-वर्गाला बॅगवाचून काही अडत नाही, दोन माणसांमागे पॅडची एक जोडी पुरते. ग्लोव्ह्जचे वजन औंसात मोजतात. बहुतेक प्रौढांना १२ औंसाचे, म्हणजे साधारण ३४० ग्रॅमचे ग्लोव्ह्ज सोयीचे पडतात, सडपातळ बांध्याच्या व्यक्तीला १० आणि धिप्पाड माणसाला १४ औंसाचे चालतात. आपल्याकडचे बरेचसे क्रीडासाहित्य मेरठ आणि जालंधरला तयार होते आणि मुंबईत धोबीतलावच्या दुकानांत ते हातात घालून पाहता येते. ग्लोव्ह घातल्यावर मूठ पूर्ण मिटता आली पाहिजे, बाकी रंगसंगती ज्याची त्याने पाहावी.

वर्ग सुरू होण्यापूर्वी अंगठ्या, बांगड्या, घड्याळे आणि लोंबणारी कानातली काढायला सांगावीत. मंगळसूत्र काढायचे नसेल तर ते कपड्याच्या आत घालून वरून अंगाबरोबरचा टी-शर्ट घालावा. हे सगळ्यांना एकत्रच सांगावे, एकीला बाजूला घेऊन सांगितले की तिला अवघडल्यासारखे होते.

पट्टी

पहिल्या तासातली बरीच मिनिटे पट्टी बांधण्यात जातात आणि ती जाऊ द्यावीत. प्रौढांसाठी १८० इंची, म्हणजे साधारण साडेचार मीटरची, किंचित ताणली जाणारी पट्टी घ्यावी. बोटे पसरून हात पुढे धरावा. पट्टीचा फास अंगठ्यात अडकवून ती हाताच्या पाठीवरून मनगटाकडे न्यावी आणि मनगटाभोवती ३ वेढे द्यावेत. तिथून ती तिरकी वर आणून मुठीच्या उंचवट्यांवर ३ वेढे द्यावेत, मग बोटांच्या फटींतून एकेकदा काढून दर वेळी अंगठ्याच्या बुडाशी परत आणावी, आणि उरलेली पट्टी मनगटावर संपवून वेल्क्रोने बंद करावी. बांधताना बोटे पसरलेलीच ठेवायची, म्हणजे मूठ मिटल्यावर पट्टी आपोआप घट्ट बसते. बोटांना मुंग्या आल्या किंवा टोके निळसर दिसली तर पट्टी सोडून पुन्हा बांधावी; तेवढ्यासाठी फेरी चुकली तरी चालेल.

पट्टीने मनगट सावरले जाते, चुकीच्या मुठीला मात्र ती वाचवत नाही. ठोसा तर्जनी आणि मधले बोट यांच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यांनी बसला पाहिजे. करंगळीच्या बाजूने तो बसला तर तळहातातले करंगळीमागचे हाड मोडू शकते, आणि या मोडीला वैद्यकातही बॉक्सरच्याच नावाने ओळखतात, जरी ती भिंतीवर राग काढणाऱ्यांमध्ये अधिक दिसते. अंगठा मुठीच्या आत कधीही नसावा, तो दुमडलेल्या बोटांवरून बाहेर राहतो.

पवित्रा आणि घर

उजव्या हाताच्या माणसाने डावा पाय पुढे ठेवावा. पावले खांद्यांइतकी रुंद असावीत, पण रेल्वेच्या दोन रुळांवर उभे असल्यासारखी वेगवेगळ्या रेषांवर. एका रेषेत आली की तोल जातो. पुढच्या पायाची बोटे किंचित आत वळलेली, मागची टाच उचललेली, गुडघे सैल. हनुवटी छातीकडे, नजर समोर, कोपरे बरगड्यांशी आणि मुठी गालांच्या हाडांशी. डावखुऱ्यांसाठी हे सारे उलट होते.

मुठींच्या या जागेला वर्गात ‘घर’ म्हणावे. नाव दिले की ओरडून सांगणे सोपे जाते. ‘गार्ड वर ठेवा’ हे वाक्य तीन वेळा ऐकले की माणसांना ऐकू येईनासे होते, ‘हात घरी आला का?’ हा प्रश्न मात्र उत्तर मागतो. ठोसा मारून परत येताना अंगठ्याने गाल शिवायचा असा नियम पहिल्या दिवशीच घालावा. गाल शिवला गेला की नाही हे ज्याचे त्यालाच कळते, त्यामुळे चूक दाखवणाऱ्याचे निम्मे काम त्याचाच हात करतो.

सरकताना ज्या दिशेला जायचे त्या बाजूचा पाय आधी उचलावा आणि दुसरा तेवढ्याच अंतराने मागून आणावा. पाय जुळू नयेत आणि एकमेकांना ओलांडू नयेत. नुसते सरकण्याचा हा सराव रोज ४ मिनिटे, हात घरी ठेवूनच घ्यावा. तो कंटाळवाणा असतो, आणि पहिल्या पंधरवड्यात जे येईनासे होतात त्यांतले बरेच याच ४ मिनिटांना कंटाळलेले असतात, तरीही तो कमी करू नये.

सहा ठोसे, सहा आकडे

ठोशांना आकडे देण्याची बॉक्सिंगमधली रीत गटासाठी फार सोयीची आहे. १ म्हणजे पुढच्या हाताचा जॅब, २ म्हणजे मागच्या हाताचा क्रॉस, ३ आणि ४ अनुक्रमे पुढचा आणि मागचा हुक, ५ आणि ६ त्याच क्रमाने अपरकट, म्हणजे खालून वर जाणारे ठोसे. आकडे डाव्या-उजव्या हातांना न देता पुढच्या-मागच्या हातांना दिलेले असल्यामुळे डावखुऱ्यांना वेगळी सूचना द्यावी लागत नाही. शिक्षकाने गटाकडे तोंड केले असेल तर आरशातल्यासारखे, उलट्या पवित्र्यात उभे राहावे. ते जमत नसेल तर सरळ पाठ करून दाखवावे.

पहिले दोन आठवडे फक्त १ आणि २ घ्यावेत, तेही ग्लोव्ह्जशिवाय. जॅब घरातून सरळ रेषेत निघतो, शेवटच्या टप्प्यात तळहात जमिनीकडे वळतो, खांदा हनुवटीला झाकतो आणि हात त्याच रेषेने घरी येतो. हवेत मारताना कोपर पूर्ण ताणू नये. बॅगवर ठोसा थांबवायला बॅग असते, हवेत त्याला थांबवणारे आपले कोपरच असते, आणि शंभर वेळा झटका बसल्यावर ते कुरकुरणारच. क्रॉसमध्ये जोर मागच्या पायातून येतो: टाच बाहेर फिरते, कंबर फिरते, मग खांदा आणि शेवटी मूठ. पाय न फिरवता मारलेला क्रॉस पाहिला की ठोशांची गिनती थांबवून सर्वांना फक्त टाच आणि कंबर फिरवायला लावावी, हात घरीच ठेवून. पाच-सहा वेळा असे केल्यावर हात सोडला की फरक त्यांना स्वतःलाच जाणवतो.

हुक तिसऱ्या आठवड्यात आणावा. कोपर काटकोनात, मूठ आणि कोपर एका पातळीत, आणि हात कमरेबरोबर फिरणारा, दाराची फळी बिजागरीवर फिरते तसा. पुढचे पाऊल त्याच्याबरोबर फिरलेच पाहिजे. अपरकट सर्वांत शेवटी, कारण त्यात हात कमरेपर्यंत खाली नेऊन वर झोका देण्याचा मोह सर्वांना होतो. जोर गुडघे वाकवून सरळ करण्यातून यावा, मूठ थोडीच खाली जावी.

प्रत्येक ठोशाबरोबर नाकातोंडातून आवाज होईल असा छोटा उच्छ्वास सोडायला लावावा. नवशिके श्वास कोंडून मारतात, आणि श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब क्षणभर चढतो. सुरुवातीला सगळे लाजतात. शिक्षकाने स्वतः मोठ्याने ‘स्स’ केले की लाज मोडते.

चुकवण्याच्या हालचालींसाठी सभागृहाच्या दोन खांबांना खांद्यांच्या उंचीवर एक दोरी बांधावी. गुडघे वाकवून दोरीखालून या बाजूचे त्या बाजूला व्हायचे आणि पवित्र्यात एकेक पाऊल पुढे जायचे. समोरून ठोसा येत नसला तरी दोरी डोक्याला लागते, आणि कंबरेतून वाकणाऱ्याला ती आधी लागते. समोर नसलेल्या प्रतिस्पर्ध्याची जागा याहून स्वस्तात कोणी घेऊ शकत नाही.

तासाची आखणी

३ मिनिटांची फेरी आणि १ मिनिट विश्रांती ही पद्धत १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या क्वीन्सबेरी नियमांतून आलेली आहे. रिंगणासाठी ती योग्य आहे, पण कचेरीतून थेट वर्गाला आलेल्या चाळिशीतल्या माणसाचे तिसरे मिनिट वाईट ठोशांचेच जाते. म्हणून आपल्या वर्गात २ मिनिटांची फेरी ठेवावी आणि विश्रांती मात्र पूर्ण १ मिनिट द्यावी.

६० मिनिटांच्या तासात पहिली ५ मिनिटे पट्ट्यांना आणि पुढची १० सांधे मोकळे करण्याला व सरकण्याच्या सरावाला द्यावीत. त्यानंतर १२ मिनिटे एकच तांत्रिक गोष्ट, संथपणे, ग्लोव्ह्जशिवाय. मग पॅडवर ८ फेऱ्या. विश्रांतीची ७ मिनिटे धरून त्यांना २३ मिनिटे लागतात. शेवटची १० मिनिटे पोटाचे व्यायाम आणि ताण सोडणे यांत निम्मी-निम्मी वाटावीत. जोर-बैठका घालायच्या तर त्या या शेवटच्या भागात. पॅडच्या आधी जोर काढून खांदे थकवणे म्हणजे पुढच्या आठही फेऱ्या घराबाहेर काढणे.

फेऱ्यांमध्ये जोर किती लावायचा हे बोलण्यावरून ठरवता येते. विश्रांतीच्या शेवटी पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग ठीक आहे. दोन-दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर त्याने पुढची फेरी निम्म्या वेगाने, फक्त १ आणि २ मारत काढावी. फेरीच्या मध्यावर कोणाचे हात घरी येईनासे झाले, तर त्याला अजून जोर लावायला सांगू नये, वेग कमी करायला सांगावा. संगीताबाबतही हेच. द्रुत गाण्याच्या ठेक्यावर लोक ठोसे मारू लागले की हात अर्ध्या वाटेवरूनच परत फिरतो, त्यामुळे तांत्रिक भागात संगीत बंद असावे आणि फेऱ्यांसाठी मोबाइलवरचा घंटेचा टायमर पुरेसा मानावा.

पॅड धरणारा

गट-वर्गात सर्वांत कमी शिकवली जाणारी गोष्ट ही आहे, आणि माझ्या मते निम्मा वर्ग याच्यावर उभा असतो. जोडीतला एक मारतो तेव्हा दुसरा विश्रांती घेत नसतो. तोच त्या दोन मिनिटांपुरता नसलेला प्रतिस्पर्धी असतो. पॅड मारणाऱ्याच्या हनुवटीच्या उंचीवर, पण स्वतःच्या खांद्यांच्या समोर धरावेत, चेहऱ्यासमोर नव्हे, कारण ठोसा निसटला तर तो रिकाम्या जागेतून गेला पाहिजे. कोपरे किंचित वाकलेली असावीत. ठोसा येताना पॅड दोन-तीन इंच पुढे सरकवून त्याला भेटावे. हात ताठ ठेवला तर धक्का खांद्यात जातो, आणि पॅड वरून खाली चापट मारल्यासारखा आणला तर मारणाऱ्याचे मनगट मुडपते. कोणता ठोसा कोणत्या पॅडवर घ्यायचा हे शिक्षकाने एकदा ठरवावे आणि सर्व जोड्यांसाठी तेच ठेवावे, म्हणजे जोड्या बदलल्या तरी गोंधळ होत नाही.

पॅड धरणाऱ्याला आणखी एक काम द्यावे: समोरच्याचा हात घरी आला नाही तर पुढचा आकडा सांगायचाच नाही. गप्प उभे राहायचे. आकडा आला नाही की मारणारा थबकतो, आपला लोंबणारा हात पाहतो आणि वर घेतो. पॅड फिरवून समोरच्याच्या डोक्याकडे नेण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते, प्रशिक्षित हातात ती उपयोगीही असते, पण हौशी जोड्यांत ती संपर्काच्या नियमाला पहिले भोक पाडते. इथे शांतता अधिक परिणामकारक ठरते.

जोड्या उंचीने लावाव्यात, ओळखीने नव्हे. नवरा-बायकोंना पहिल्या महिन्यात शक्यतो एका जोडीत ठेवू नये. पॅडपेक्षा सूचनाच जास्त दिल्या जातात.

कोणाला आधी विचारावे

नाव नोंदवतानाच लेखी प्रश्न विचारावेत: छातीत दुखते का, चक्कर येते का, रक्तदाब किंवा हृदयविकारासाठी औषध चालू आहे का, इन्शुलिन घेता का, अलीकडे डोळ्यांची शस्त्रक्रिया किंवा पडद्याचा काही त्रास झाला आहे का, खांदा किंवा मनगट पूर्वी दुखावले आहे का, गर्भारपण आहे का. यांपैकी कशालाही होकार आला तर स्वतःच्या डॉक्टरांचा सल्ला घेऊनच यायला सांगावे. इन्शुलिन घेणाऱ्याने साखर किंवा ग्लुकोज जवळ ठेवावे आणि ते कोणत्या पिशवीत आहे हे शिक्षकाला माहीत असावे.

पार्किन्सनच्या रुग्णांसाठी विनासंपर्क बॉक्सिंगचे वर्ग चालतात, हे कोणीतरी वाचलेले असते आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन येते. २००६ साली अमेरिकेतल्या इंडियानापोलिस येथे स्कॉट न्यूमन या माजी सरकारी वकिलांनी, स्वतःला पार्किन्सन झाल्यानंतर, अशा वर्गांची सुरुवात केली आणि ‘रॉक स्टेडी बॉक्सिंग’ या नावाने ते इतरत्र पसरले. पण त्या वर्गांची आखणी त्याच रुग्णांसाठी केलेली असते. आपल्या नेहमीच्या गटात तोल जाण्याची शक्यता असलेल्या व्यक्तीला सामावून घेऊ नये. त्यांच्यासाठी वेगळी वेळ, प्रत्येकाच्या मागे उभा राहणारा मदतनीस, जवळ भक्कम खुर्ची आणि न्यूरॉलॉजिस्ट किंवा फिजिओथेरपिस्ट यांचे मार्गदर्शन, एवढी तयारी असेल तरच हो म्हणावे.

वर्गानंतर

ओले ग्लोव्ह्ज पिशवीत कोंबून तसेच गाडीच्या डिकीत ठेवले तर कोकणपट्टीतल्या दमट हवेत त्यांना आठवड्याभरात बुरशी धरते. घरी गेल्यावर ते पूर्ण उघडून पंख्याखाली ठेवावेत, आत वर्तमानपत्राचे बोळे घालावेत आणि कडक उन्हात वाळत टाकू नयेत, चामडे तडकते. वर्गातले सामायिक ग्लोव्ह्ज पट्टी बांधल्याशिवाय कोणालाही देऊ नयेत. पट्ट्या दर वेळी धुवाव्यात, मशिनमध्ये टाकताना जाळीच्या पिशवीत घालाव्यात, नाहीतर त्यांचा गुंता सोडवण्यात रविवार जातो. वाळल्यावर पट्टी वेल्क्रोच्या टोकाकडून गुंडाळायला घ्यावी, म्हणजे अंगठ्याचा फास सर्वांत बाहेर राहतो आणि पुढच्या वेळी घंटा व्हायच्या आत हात बांधून होतात.